बारवेवरची अक्षरं

ही हकीकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगायचे प्रसंग बरेच आले. निवृत्तीच्या दिवशी माझा सत्कार झाला, तेव्हा एक वक्ता म्हणाला की या गृहस्थांना दगड वाचता येतात. मी मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला. घरी नातवंडं जुन्या नोकरीच्या गोष्टी विचारत, तेव्हा मी फैजपूरकडची गोष्ट सांगायचो. ती मुद्दाम निवडलेली होती. तिच्यात मी मूर्ख ठरतो, वाईट ठरत नाही.

तीही इथे सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. धुळे जिल्ह्याला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत आणि जळगावला पूर्व खानदेश. दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या वास्तूंची पाहणी करून यादी करण्यासाठी धुळ्यात एक छोटी कचेरी उघडली होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती, कचेरीची नव्हती. कचेरी म्हणजे पुण्याहून आलेले एक साहेब आणि त्यांच्या हाताखाली मी. मी नकाशे काढायचो, मापं घ्यायचो, पत्रक भरायचो. नोकरीत अजून कायम झालो नव्हतो.

पत्रकात वास्तूचं नाव, गाव, मालकी, मापं असे रकाने असत. खरी गंमत शेवटच्या तीन रकान्यांत होती: अंदाजे काळ, त्याला आधार, आणि वर्ग. वर्ग तीन. पहिल्या वर्गातली वास्तू सरकार सांभाळणार, तिचा एक दगडही कुणाला हलवता यायचा नाही. दुसऱ्या वर्गातली गावानं सांभाळायची. तिसऱ्या वर्गातली राहिली काय आणि गेली काय, सरकारला त्याचं काही नव्हतं. तो वर्ग लिहिला की वास्तू यादीबाहेर जायची.

फैजपूरच्या पुढे केळीच्या मळ्यांतलं एक गाव होतं. तिथल्या देवळाच्या दारावर फार सुरेख नक्षीची शिळा होती. गावकऱ्यांनी मला खुर्ची दिली, केळी दिली, दोनदा चहा दिला, आणि देऊळ फार जुनं असल्याचं पाच जणांनी पाच प्रकारे सांगितलं. मी पहिला वर्ग लिहून आणला. साहेब स्वतः पाहायला गेले, शिळेच्या कडेला काठीचं टोक लावलं आणि मला जवळ बोलावलं. शिळा सिमेंटमध्ये बसवलेली होती. रस्ता रुंद होताना देवळाचं अंगण जाणार होतं, म्हणून लोकांनी नदीकाठच्या पडक्या देवळातली शिळा आणून नव्या दारावर चढवली होती.

साहेब म्हणाले, "चहा घेतलात ना त्यांचा? दोनदा? मग दोन शतकं त्या चहाची वजा करा."

गावकरी हसले. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत साहेब जे बोलले ते लागलं. ते म्हणाले की तुम्हाला कुणीही काहीही दाखवतं आणि तुम्ही पाहता. त्या दिवसापासून मी कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. लोकांचाही आमच्यावर नव्हताच. कुळकायदा नुकताच आला होता. टेप घेतलेला माणूस दिसला की कुणाची तरी जमीन जाणार असं त्यांना वाटे. मी विचारी, ही भिंत कधीची? ते विचारत, कशाला पाहिजे? अशा वातावरणात मी दोन वर्षं काढली आणि त्यात तयार झालो.

मग ती बारव आली.

नरडाण्याला उतरून पायी दीड तास चालल्यावर ते गाव लागतं. साहेबांना त्या आठवड्यात ताप होता, म्हणून मी एकटा गेलो. पौष महिना होता. बारव गावाबाहेर, नाल्याच्या अलीकडे होती. एका बाजूनं उतरत्या पायऱ्या, दोन टप्पे, भिंतीत दोन रिकामे कोनाडे. दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले. नक्षी जवळजवळ नव्हतीच. अशा बारवा खानदेशात ठिकठिकाणी आहेत आणि नुसती असती तर तिसऱ्या वर्गाच्या वर गेली नसती. पण दुसऱ्या टप्प्यावर, दाराच्या आडव्या शिळेवर अडीच ओळींचा लेख होता. वाटसरूंना आणि गुरांना पाणी मिळावं म्हणून ही बांधली, असं सांगून खाली शक लिहिला होता. तो शक खरा असेल तर बारव कित्येक शतकं जुनी ठरत होती. पहिल्या वर्गाला तेवढं पुरेसं होतं.

बारवेजवळ एक म्हातारा राहायचा. सगळे त्याला आबा म्हणत. जातकुळीनं आणि धंद्यानं पाथरवट. पाटे, वरवंटे, जाती घडवायचा, आणि झिजलेल्या जात्यांना टाकी लावायचा. जातं गुळगुळीत झालं की दाणा भरडत नाही. मग छिन्नीनं त्याला पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. बारव झाडण्याचं कामही तोच करी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. मी माझ्या बाटलीतलं प्यायलो. त्यानं टेपचं दुसरं टोक धरलं. त्यानं धरलेलं प्रत्येक माप मी नंतर एकट्यानं पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा तेच आल्यावर मला आणखी संशय आला, की हा माणूस इतका काटेकोर कशासाठी आहे?

कशासाठी ते गावात कळलं. नाल्यावर पूल होणार होता. ठेका गावातल्याच एकाला मिळाला होता आणि बारवेचे घडीव दगड त्याला आयते हवे होते. काही दगडांवर त्याच्या माणसांनी चुन्याच्या खुणाही केल्या होत्या. बारव पहिल्या वर्गात गेली तरच वाचणार होती, आणि आबाला ती वाचायला हवी होती. म्हणजे त्याला खोटं करण्याचं कारण होतं. मी असाच विचार करत होतो.

मी लेखाचा ठसा घेतला. ओला कागद शिळेवर बसवून ब्रशनं ठोकायचा, मग वरून शाई लावायची. ठसा फारच स्वच्छ उठला. इतक्या जुन्या लेखाच्या कडा बोथट होतात, खाचांत माती बसते, शेवाळ धरतं. इथे तसलं काही नव्हतं. भिंग लावून पाहिलं तर खाचांच्या तळाशी छिन्नीचे पांढरट, ताजे घाव होते. आमच्याकडचा काळा दगड नवा फोडला की तसा दिसतो.

मी आबाला विचारलं, "या अक्षरांना अलीकडे कुणी हात लावलाय का?"

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "नही भाऊ. कोनीच हात लायेल नही."

त्याचे हात त्याच्या पाठीमागे होते. ओसरीवर छिन्न्यांची पिशवी टांगलेली मला दिसत होती. हा खोटं बोलतोय हे मला कळलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. या वेळी मी फसलो नव्हतो.

दुपारी ठेकेदारानं जेवायला बोलावलं. मी गेलो नाही, तर तोच भेटायला आला. मोठा मोकळा माणूस. बारवेविषयी वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मागच्या उन्हाळ्यात म्हातारा छिन्नी घेऊन त्या अक्षरांवर बसला होता. अख्ख्या गावानं बघितलंय. मी काही म्हणत नाही. तुम्ही शिकलेले आहात."

त्यानं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. पुढे कळलं की मी यायच्या आधी तो आबाकडेही गेला होता. जुन्या दगडाला हात लावणाऱ्याला सरकार आता तुरुंगात घालतं, असं त्यानं त्याला सांगून ठेवलं होतं. तेही काही अगदीच खोटं नव्हतं.

मी आबाला पुन्हा काही विचारलं नाही. साधा प्रश्न होता, की छिन्नी घेऊन तिथे काय करत होतास? पण संशय आला की माणूस विचारायचं थांबवतो. आपल्याला सगळं कळलेलंच असतं.

धुळ्याला येऊन मी पानभर टिपण लिहिलं. लेखाचे घाव ताजे आहेत, लेख अलीकडे कोरलेला असावा, कोरणाऱ्याचा हेतू स्पष्ट आहे. आधाराच्या रकान्यात लिहिलं, "लेख विश्वसनीय नाही." वर्ग तिसरा. साहेबांनी टिपण दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता तुमचे डोळे तयार झाले." दोन वर्षांत त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी होती. त्या दिवशी मी कचेरीतून घरी पायी गेलो, उगाच लांबच्या रस्त्यानं.

फक्त एक गोष्ट राहिली होती. पौषात बारवेला पाणी असल्यामुळे खालच्या पायऱ्या मोजता आल्या नव्हत्या. साहेब शिस्तीचे होते. वास्तू यादीबाहेर गेली तरी तिचा नकाशा पुरा हवा, म्हणून वैशाखात पाणी उतरल्यावर त्यांनी मला पुन्हा पाठवलं. तोवर फाईल आमच्याच कपाटात होती.

मी पोचलो तो दिवस आखाजीचा निघाला. आमच्याकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. गावात शिरतानाच गाणी ऐकू येत होती. बारवेजवळ मात्र गाणी नव्हती. वरच्या पायरीवर पाच-सहा बाया बसल्या होत्या आणि आतून छिन्नीचा आवाज येत होता.

मी वरच थांबलो. मला वाटलं, आता रंगेहाथ सापडला.

आबा आडव्या शिळेपुढे लाकडी घोडीवर उभा होता. त्याची थोरली लेक, जिला सगळ्या अक्का म्हणत होत्या, तांब्यातून अक्षरांवर पाणी ओतत होती. आबा ओल्या खाचेत छिन्नी ठेवी, बोटानं चाचपून ती खाचेच्या मधोमध बसवी, आणि एकच हलका घाव घाली. मग पुढचं अक्षर. त्याला वाचता येत नव्हतं. तो उजवीकडून डावीकडे जात होता.

मला पाहून त्याचा हात थांबला आणि चेहरा उतरला. अक्का मात्र घाबरली नाही. मी सरकारी माणूस आहे हे तिला माहीतच नव्हतं. कुणाकडचा पाहुणा असेन असं समजून तिनं मला सांगितलं की दर आखाजीला अक्षरांना टाकी लावतात.

"आम्हना बाप करस, आजा करे, आजाना बाप करे. नही करं त अक्षर मरी जातस."

जात्याला लावतात तशी. अक्षर झिजलं तर बारव कुणाची, कशासाठी, हे सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून वर्षातून एकदा, एका अक्षराला एक घाव. नवी रेघ काढायची नाही, जुनी वाढवायची नाही. आणि लेकी माहेरी असताना करायचं, कारण सासरी गेल्यावर त्यांना साक्षीला कोण बोलावणार? हे सगळं ती इतक्या सहज सांगत होती, जणू घरातल्या पापडांविषयी बोलत होती.

मी खाली उतरलो आणि खाचेत बोट घातलं. एक पेर आत गेलं. इतकी खोल खाच एका उन्हाळ्यात होत नाही, दहा उन्हाळ्यांतही होत नाही. तळाला ताजा घाव होता, पण बाजू जुन्या, तपकिरी, गुळगुळीत होत्या. पौषात मी फक्त तळ पाहिला होता. मग मी शेवटची अर्धी ओळ पाहिली. तिथे शिळेचा कपचा उडालेला होता आणि ओळ तुटली होती. खोटा लेख कोरणारा माणूस ओळ अर्धी का ठेवील? आबाला विचारलं, की ही ओळ पुरी का केली नाही?

तो हळूच म्हणाला, "जे दिखत नही ते मी कसं कोरू?"

ठशात ती तुटकी ओळ स्पष्ट उठलेली होती. पौषातही मी ती पाहिली होती. मुद्दाम तशी केली असेल, लबाड आहे, असं तेव्हा मनाशी म्हणून मी पुढे गेलो होतो.

त्या दिवशी मी आबाच्या हातचं पाणी प्यायलो. पायऱ्या मोजल्या. निघताना त्यानं विचारलं, की आता मला धरून नेतील का? मी म्हणालो, नाही, असं काही नसतं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो माझ्याबरोबर गावाच्या शिवेपर्यंत चालत आला.

धुळ्यात फाईल कपाटात होती. मी ती काढली. खालच्या पायऱ्यांचा रकाना भरला. त्याच पानावर चार बोटं खाली आधाराचा रकाना होता. पेन हातात होतं. साहेब पलीकडच्या टेबलाशी होते. उठून एवढंच सांगायचं होतं, की माझं टिपण चुकलं. ते रागावले असते, कदाचित फैजपूरची आठवण काढली असती. कदाचित म्हणाले असते, पुन्हा चहा घेतलात वाटतं. मला कायम करण्याचा कागदही त्याच सुमाराला वर जायचा होता. मी स्वतःला सांगितलं की आज नको, उद्या त्यांचा मूड पाहून सांगू. आठ दिवसांनी फाईल वर गेली. तिच्यावर माझीच सही होती.

पावसाळ्यानंतर बारव तिसऱ्या वर्गात गेल्याचा कागद गावाला पोचला. चार दिवसांत आबा धुळ्याला आला. कचेरीच्या व्हरांड्यात उकिडवा बसून होता. मी बाहेर आलो तसा उठला. तक्रार करायला आल्यासारखा दिसत नव्हता. काहीतरी गफलत झाली आहे आणि ती सुधारता येईल, अशा समजुतीनं आला होता. कागदात काय लिहिलंय ते त्यानं ठेकेदाराच्या माणसाकडून वाचून घेतलं होतं आणि त्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. माझ्याकडून वाचून घ्यायचं होतं.

मी वाचून दाखवलं. "लेख विश्वसनीय नाही" हे वाक्य मी गाळलं.

त्यानं कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही सोता दखं ना आखाजीले. सायबले तेवढं सांगा."

साहेब आत होते. दार उघडं होतं, त्यांची पाठ दिसत होती. अजून उशीर झालेला नव्हता. फेरविचारासाठी दोन महिने मुदत असते आणि त्यातला आठवडासुद्धा गेला नव्हता.

मी म्हणालो, "सांगतो आबा. तुम्ही जा निश्चिंत."

त्यानं हात जोडले आणि गेला. मी आत जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. साहेबांनी विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, गावाकडचा कुणी होता, पत्ता विचारत होता.

दोन महिने मी रोज कचेरीत गेलो. रोज साहेब समोर असत. मग मुदत संपली. त्याच महिन्यात मी कायम झालो.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी माझी बदली जळगावला झाली. धुळं सोडण्याआधी मी नरडाण्याचं तिकीट काढलं. मला आबाला सांगायचं होतं. गाडीत वाक्यं जुळवत होतो.

बारवेच्या जागी खड्डा होता आणि त्यात बाभळी उगवल्या होत्या. नाल्यावर पूल उभा होता. आबा ओसरीवर पाटा घडवत बसला होता, फार वाकला होता. त्यानं मला आवाजावरून ओळखलं. पाणी मागवलं. आपणहून सगळं सांगितलं. बारव पाडायला घण घेऊन माणसं आली तेव्हा तो स्वतःच कामाला लागला होता. इतर लोक दगड फोडून काढतील, म्हणून त्यानं पहारीनं एकेक सांधा सोडवून काढला. अक्षरांची शिळा त्यानं ठेकेदाराकडे मागितली, ती मिळाली नाही. मग पुलाच्या पायात ती बसवायचं काम त्यानं मागून घेतलं. अक्षरं आतल्या बाजूला ठेवून बसवली, पाण्यानं झिजू नयेत म्हणून.

"आते टाकीनी गरज नही," तो म्हणाला.

मी माझं वाक्य सुरू करणार होतो. तेवढ्यात त्यानं विचारलं, "तुम्ही सायबले सांगं व्हतं ना?"

त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. असता तर कदाचित मला बोलता आलं असतं.

मी म्हणालो, "हो."

"मंग तुम्हना काय दोष शे त्यामा," तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

इकडे कसं येणं केलं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, सहज, या बाजूला काम होतं. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. त्यानंतर तो किती वर्षं जगला, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

त्या ओसरीवर मला जे म्हणायचं होतं ते असं होतं: आबा, मी साहेबांना सांगितलं नाही. तुमची अक्षरं खरी होती. ती खोटी आहेत असं लिहिणारा मी होतो, आणि खरं कळल्यावरही मी ते तसंच राहू दिलं. मला क्षमा करा.